टोकाचे दोन दुवे

एका प्रथिनाच्या साखळीला टोकाशी आणखी दोन दुवे आहेत, असं सर वीस वर्षं सांगत राहिले. लोक हसले आणि सर निवृत्त झाले. आज दुपारी त्यांच्या विद्यार्थिनीने मास स्पेक्ट्रोमीटरवर त्या टोकाचे तुकडे तोलले, तर दोन्ही दुवे लख्ख दिसले. आलेखाचा कागद घेऊन ती धावतच त्यांच्या घरी गेली. "उशीर झाला गं," दार उघडत काकू म्हणाल्या, "आता मीसुद्धा त्यांना ओळखू येत नाही." तरीही ती सरांच्या खुर्चीशी बसली. आलेखाच्या एकेका शिखरावर बोट ठेवत तिने सगळं समजावलं. सरांचे डोळे चमकले. "कुणी शोधलं हे?" "तुम्हीच, सर." सरांनी मान हलवली आणि कागद जपून तिच्या हातात परत दिला. "छे, मी नाही. पण ज्याने शोधलं, त्याला आधी कळवा. बिचारा वाट बघत असेल."