शेवटची रांग

"बारा रांगा आहेत, आणि एकाही रांगेत माझं नाव नाही," जरेल पिंकनी भिंतीकडे बघत म्हणाला. हसून म्हणाला, पण हसू काही जमलं नाही.

लूशियस बेम्बरीच्या सलूनमधल्या त्या भिंतीवर एक लांब फळी होती. फळीवर खिळे, खिळ्यांना लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एका खेळाडूचं नाव. इथे येणारे बारा जण दर ऑगस्टात अमेरिकन फुटबॉलमधले खरेखुरे खेळाडू आपसांत वाटून घेत आणि आपापला संघ मांडत. रविवारी मैदानात खेळाडू जसा धावेल, तसे ज्याच्या रांगेत तो असेल त्याला गुण.

"अगदी खालची रांग बघ," लूशियस म्हणाला.

जरेल वाकला. तिथे 'पिंकनी' होतं. जुन्या पट्टीवर जाड, थरथरत्या अक्षरात.

"हा कोण वेडा?"

"एझेल मॅकक्रे."

आपल्या पाळीची वाट बघत बसलेला पोस्टमन डेल्बर्ट खो खो हसला. "अरे, तुमच्या संघात चेंडू घेऊन पळणारे पाच जण. त्यांत तू पाचवा. चौघांना एकदम ताप आला तरच तुझी पाळी! एझेलने माझी टपालाची गाडी घेतली असती तरी चाललं असतं. ती निदान रोज धावते तरी."

लूशियसने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. डेल्बर्टने वर्तमानपत्र उघडलं.

"मलाच का घेतलं त्यांनी?" जरेलने विचारलं.

"ऑगस्टात तुमचा सराव बघायला जायचा. परत येऊन म्हणाला, पहिले चौघे दमले की गुडघ्यांवर हात टेकतात. तो पाचवा पोरगा नुसता उभा राहतो."

जरेलला आठवलं. कुंपणाशी एक म्हातारा उभा असायचा. गवती टोपी, हातात पाण्याची बाटली. एकदा त्याने हात वर केला होता, आणि आपल्यामागे कोण आहे म्हणून जरेलने वळून पाहिलं होतं.

त्या दिवशी जरेल खरं तर मामाला फोन करणार होता. मामाचा कॅरोलायनात छपरं घालायचा धंदा होता. 'ये परत, किती दिवस बाकावर बसून राहशील?' असं तो दर आठवड्याला म्हणायचा. जरेलने प्रशिक्षकांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत परत आल्यावर त्याने डब्यातलं सूप गरम केलं, खिडकीशी उभ्यानेच प्यायलं. फोन केला नाही.

मग तो दर मंगळवारी सलूनमध्ये जाऊ लागला. कापायला केस उरले नव्हते तरी. मंगळवारी मंडळी येऊन पट्ट्या बदलत. जखमी झालेला काढ, चांगला धावलेला लाव. नियम एकच होता: ज्याची रांग त्यानेच हलवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटची रांग कधीच हलली नाही. गुणांतही ती सगळ्यांच्या खाली होती.

"एझेलकाका मंगळवारी कधीच कसे दिसत नाहीत?"

"टेकडीवर असतो तो. खाली येणं होत नाही आता."

नोव्हेंबरात एक रविवार संघाला सुट्टीचा होता.

"आमचा सामनाच नाही या आठवड्यात," जरेल म्हणाला. "तरी मी तिथेच? एक जागा फुकट घालवली त्यांनी!"

लूशियस वस्तरा पुसत होता. "एझेलने एकदा लावलं ते लावलं."

डेल्बर्टने तोंड उघडलं. "पोरा, अरे एझेल तर..."

"डेल्बर्ट, खुर्चीत बस. तुझी पाळी," लूशियस म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर गरम टॉवेल टाकला.

"मला भेटायचंय त्यांना."

"मोसम संपू दे. तो कुठे जात नाही. तोवर तू धाव."

जरेल धावला. सरावात धावला, बर्फात धावला, बाकीचे गाड्यांत बसून गेल्यावर एकटा धावला. कितीही दम लागला तरी गुडघ्यांवर हात टेकले नाहीत. कुणीतरी बघतंय, असं त्याला वाटायचं. एवढ्या मोठ्या गावात एक माणूस.

डिसेंबरात पहिल्याचा घोटा गेला, दुसऱ्याची बरगडी. तिसऱ्या-चौथ्याच्या हातून चेंडू निसटत राहिला. शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकांनी बाकाच्या टोकाकडे बघून हाक मारली. जरेलने दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "पुढच्या वर्षी तू आहेस."

मंगळवारी तो चेंडू काखेत घेऊनच सलूनमध्ये शिरला. चेंडूवर त्याने रात्रभर विचार करून चारच शब्द लिहिले होते: 'तुम्ही मला काढलं नाहीत.'

 डेल्बर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता नेता का त्यांच्याकडे?" जरेल म्हणाला.

लूशियसने अंगावरचा एप्रन उतरवला, दारावर 'बंद'ची पाटी फिरवली आणि गाडी काढली.  टेकडीवर एका लोखंडी फाटकाशी त्याने गाडी थांबवली; आत बर्फात कबरींच्या ओळी होत्या.

"तिसऱ्या ओळीत," तो म्हणाला. "मेपलच्या झाडाखाली."

जरेल कितीतरी वेळ फाटकाशीच उभा राहिला. दोनच दिवस उशीर झाला का? की चार? त्यांनी सामना तरी ऐकला असेल का?

मग तो गेला, गुडघ्यांवर बसला आणि दगडावरचा बर्फ हाताने पुसला. नावाखाली याच ऑगस्टची तारीख होती, मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या बारा दिवस आधीची.