कुंडीतलं बाळ

कुंडीत, किटलीत, टोपलीत बसवलेल्या तान्ह्या बाळांचे फोटो लेटरपॅडवर आणि पाकिटांवर छापायचे, हा त्या स्टुडिओचा धंदा. बाळाला मागून सावरणारे आईचे हात फोटोतून पुसून टाकायचं काम तिथल्या ताईंकडे. "भिंग लावून बघा, एक नख जरी सापडलं तर नाव बदलीन," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या.

आज एक तरुणी आली. खुर्ची पुढे केली तरी बसेना. हातातल्या जुन्या लेटरपॅडचा कोपरा नुसती दुमडत-उलगडत राहिली.

"कुंडीतलं हे बाळ म्हणजे मी. हा फोटो तुम्हीच केला होता ना?"

ताईंना वाटलं, आता ही भांडणार!

"तुमच्या आईंना विचारूनच छापला होता हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "हवं तर छापणं बंद करायला सांगते."

"तसं नाही हो. मी भिंग लावूनसुद्धा पाहिलं, पण काहीच दिसत नाही."

"काय दिसायला हवं होतं?"



"आईचे हात. मी वर्षाची व्हायच्या आत ती गेली, आणि तिचा दुसरा फोटोच नाही."