शेवटचं वाक्य

“‘दार उघडं ठेव, तो येईल,’ असं म्हणाली ना तुझी आई शेवटी?” शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. “माऊली ती माऊलीच!”

कादंबरीकाराने मान हलवली. सकाळपासून जो तो हेच ऐकवून जात होता. शिंपी म्हणाला, पोस्टमन म्हणाला, शाळेतल्या बाई तर हुंदके देत म्हणाल्या. वाक्य त्याचंच होतं. गावावरच्या कादंबरीत आईला मारताना त्याने ते तिच्या तोंडी घातलं होतं. तेव्हा खरी आई इथे धडधाकट होती आणि दार उघडं टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पण गावाला ते वाक्य इतकं पटलं, की आई खरोखर गेल्यावर कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

काकू गेल्या. गावी आल्यापासून त्याच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं. जीव नुसता बधिर झाला होता, आणि आता त्याला त्या बधिरपणाचीच भीती वाटायला लागली होती. आईचा एक खरा शब्द कानावर पडला तर रडू येईल, असं त्याला वाटत होतं.

वहिनी ओट्यापाशी कप विसळत होती. शेवटच्या वेळी आईजवळ ती एकटीच होती.

“वहिनी, आई खरं काय म्हणाली?”

“तुमचंच म्हणायला बघत होत्या.” वहिनीने नळ बंद केला. “आठवडाभर ते पान माझ्याकडून वाचून घेतलं. ‘पोरानं लिहिलंय तर तसंच म्हणायला हवं, नाहीतर गावात खोटा पडेल बिचारा.’ पाठ करत होत्या हो, भाऊजी! परीक्षेला बसल्यासारख्या.”

“मग?”

“ऐनवेळी नाही जमलं. ‘दार’ म्हणाल्या आणि अडल्या. मी पुढचं सांगायला गेले तर हात झटकला माझा. म्हणाल्या, ‘दार लाव गं. कोण येतंय आता.’”

वहिनीला पुढे बोलवेना. ओल्या हातांनी तोंड झाकून ती तिथेच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

तो उभाच राहिला. डोळे कोरडे ठणठणीत. ते वाक्य त्याने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जरा सावकाश.

“वहिनी,” तो म्हणाला, “‘येतंय’ म्हणाली, की ‘येणार’?”