समोरचं बेट

पेनल्टी अडवायला तोमासी गोलपोस्टपुढे उभा राहिला, तोच समोरच्या स्टँडच्या डोक्यावरून, समुद्रापलीकडे, त्याला आपल्या बेटावरचा ज्वालामुखी फुटताना दिसला.

बेटाबेटांच्या क्लब-चषकाचा अंतिम सामना होता. सकाळी तो बोटीत चढला तेव्हा आई म्हणाली होती, "डोंगर कुरकुरतोय रे." "तो काय, नेहमीच कुरकुरतो," म्हणत त्याने हसण्यावारी नेलं होतं. आई, बायको, पाळण्यातलं बाळ, सगळी तिथेच होती.

सुरुवातीपासून त्याला शिव्या घालणारं यजमानांचं स्टेडियम एकदम चिडीचूप झालं. मग माणसं धडाधड उतरून फाटकाकडे पळत सुटली. हेही जीव घेऊन पळताहेत, त्याला वाटलं. आता तिकडे कोण जाणार?

पेनल्टी मारणारा त्यांचा कप्तान त्याच्याकडे धावत आला. चेंडू मागेच राहिला होता, तरी तोमासीने सवयीने हात पसरले.

कप्तानाने त्याचं मनगट धरलं. "चल लवकर! आमच्या सगळ्या होड्या निघाल्यात. पहिल्या होडीत तू बस. धुरात तुमची घरं आम्हाला कोण दाखवणार?"