हनुवटीपर्यंत

लियाकतने एक स्की पर्णिकाच्या शेजारी उभी धरली. टोक तिच्या हनुवटीला लागलं.

"बिगिनर है तो बस यहाँ तक," तो म्हणाला. "पार्क की स्की छोटी ही अच्छी. जल्दी घूमती है."

दुकान मॉलमध्ये होतं, बर्फाचा डोंगरही मॉलमध्येच होता, आणि बाहेर पार्किंगमध्ये आखाती उन्हाचे चव्वेचाळीस डिग्री. डोंगराच्या एका कडेला लोखंडी दांडे आणि पेट्या मांडलेल्या असतात, त्यांच्यावरून घसरायचं, उड्या मारायच्या. त्याला पार्क म्हणतात. चौदा वर्षांच्या पर्णिकाने हे घरी सहा महिने समजावून सांगितलं होतं. भाड्याच्या स्कीवर ते जमत नाही, हेही.

तिचे बाबा, देवदत्त, बाजूला उभे राहून ऐकत होते. जबल अलीच्या कंपनीचं पत्र हातात पडून नऊ दिवस झाले होते. महिनाअखेर नोकरी खलास, मग व्हिसा, मग करामामधला भाड्याचा फ्लॅट. घरी अजून सांगितलं नव्हतं. स्कीला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. हो म्हणायला कारण लागत नाही. म्हणून ते हो म्हणाले होते.

"ये दोनों तरफ से मुड़ी हुई क्यों है?" त्यांनी विचारलं.

"उलटा उतरने के लिए, सर. मुँह आगे, जाना पीछे."

"मुश्किल होगा."

"सबसे मुश्किल वही है. गिर-गिर के आता है."

संध्याला, म्हणजे पर्णिकाच्या आईला, टोकाशी देणंघेणं नव्हतं. "भैया, इससे बड़ा साइज दिखाओ. बच्ची बढ़ रही है." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, वाढत्या मापाच्याच घेऊ. तीन वर्षं तरी चालायला नकोत?"

"मम्मा, प्लीज! स्कीज आर नॉट युनिफॉर्म."

पण या घरात सगळंच युनिफॉर्म होतं. पर्णिका पहिलीपासून दोन बोटं मोठे बूट घालून, पुढे कापूस कोंबून शाळेत गेली. फ्रॉकची दुमड दरवर्षी थोडी उसवली जायची. सायकल आली तेव्हा पेडलला पाय पुरायला दीड वर्ष लागलं. हा सगळा कारभार देवदत्तांचा. संध्या माहेरी बिचारी मापाचे कपडे घालत होती; इथे येऊन बिघडली. कापूस तर ते स्वतः कोंबायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

लियाकतला गिऱ्हाईक कळायचं. त्याने दुसरी जोडी काढली. हिचं टोक पर्णिकाच्या भुवयांपर्यंत आलं. "ये भी चलेगी. शुरू में थोड़ा तंग करेगी, फिर आराम."

"हां, ही," संध्या म्हणाली. "काय हो?"

"हनुवटीचीच घेऊ."

"अहो, वर्षभरात आखूड होईल."

"होऊ दे."

"आणि मग?"

"आत्ता मापाची आहे ना? आत्ता नीट चालवू दे तिला."

"येस, बाबा!" पर्णिकाने दुकानातले बूट चढवले, स्कीवर उभी राहिली, खटाक् खटाक् दोन आवाज झाले, आणि ती आरशासमोर गुडघे वाकवून बघू लागली.

संध्या नवऱ्याकडे बघत राहिली. दिरहममधली किंमत नेहमीसारखी मोठ्याने रुपयांत केली नाही, हे एक वेळ ठीक. पण हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आजच्यापुरती वस्तू घेत होता.

तिने लांब जोडी स्वतःच उचलून मांडणीत ठेवली. मग कोथिंबिरीची जुडी मागावी तशा आवाजात म्हणाली, "भैया, इसका लंबावाला खोका मिलेगा? कार्गो में डालना पड़ेगा."

"मिलेगा ना." लियाकतने आतून खोका आणला, खिशातून मार्कर काढला. "कहाँ भेजना है?"

"ये बताएँगे."

देवदत्तांनी तिच्याकडे पाहिलं. ती खोक्याकडे बघत होती.

"सोलापूर," ते म्हणाले.

लियाकत बर्फाळ डोंगरांतल्या स्कार्दूचा. अर्धं आयुष्य त्याने छपरावरचा बर्फ उपसण्यात घालवलं होतं. नाव लिहिता लिहिता त्याने आपुलकीने विचारलं, "अच्छा? वहाँ बर्फ किस महीने में पड़ती है?"

पर्णिका खळखळून हसली. "नेव्हर, अंकल! दॅट्स माय आजीज प्लेस!"

मग तिने आरशात पाहिलं. मागे आई आणि बाबा दोघंही मान खाली घालून रिकामा खोका न्याहाळत होते.

"बाबा?"

तिने वळायचा प्रयत्न केला. पण पायांत स्की होत्या. जागच्या जागी वळता येईना.