अकरा पानी शिफारस

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराचा यंदाचा कलागौरव पुरस्कार आपल्याला मिळालाय, यावर मोंजीचा विश्वासच बसेना. चाळीस वर्षं तो घरी बसून पहाटेपासून मेझवेद वाजवत होता, पण कातडी पिशवीची ही पिपाणी महापालिकेच्या कानावर कधी पडली नव्हती. समारंभात महापौरांनी सांगितलं, की मोंजीसाठी तब्बल अकरा पानांचं शिफारसपत्र आलं होतं आणि ते लिहिलं होतं त्याच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने, सी (म्हणजे श्रीयुत) लझहर यांनी.

मोंजीला हुंदकाच फुटला. याच लझहरने इतकी वर्षं भिंतीवर चप्पल आपटली होती!

मंचावरून उतरून तो थेट त्याच्या गळ्यात पडला. "सी लझहर, माझं वाजवणं तुम्हाला एवढं आवडतं, हे कधी बोलला नाहीत!"

"अरे बाबा, एकेक सूर पाठ आहे मला," लझहर त्याची पाठ थोपटत म्हणाला. "बरं, पुरस्काराबरोबर सरावासाठी पालिकेची खोली मिळते ना, पार बंदरापलीकडे? पहिली बस पहाटे पाचला सुटते. मी चौकशी करून ठेवलीय."