झिजलेलं तिसरं गाणं
अमेरिकेतल्या टोलेडोत एका आजींनी घरापुढच्या हिरवळीवर नको असलेलं सामान विकायला मांडलं होतं. लोकरीच्या गुंड्यांखाली ती रेकॉर्ड दिसली आणि सामान चाळायला थांबलेला वेंडेल ओरडलाच. ज्या रॉक बँडला कुणी विचारलं नाही, त्याचा मित्राकडे ऐकलेला एकुलता एक अल्बम तो वीस वर्षं शोधत होता. “आजी, यातली गिटार म्हणजे अंगावर सर्रकन काटा!” “तिसरं गाणं खरखरतं हं. सुई परत परत तिथंच ठेवून झिजलंय.” “आजोबा दर्दी दिसतात!” “ते? कानात कापूस घालून बसायचे.” आजींची बोटं हवेतल्या गिटारीवर सरसर धावली. तोंडानं त्यांनी तिसऱ्या गाण्यातला अख्खा तुकडा वाजवला. वेंडेलनंही सूर मिसळला. शेवटाला मात्र जुंपली. “वर जातो तो सूर, पोरा!” “आजी, खाली येतो. पैज!” आजींनी त्याच्या हातातली रेकॉर्ड हिसकावून घेतली. “ही विकायची नाही आता. आत चल, मोठ्यानं लावू!”